जुन्नर : पुन्हा पुन्हा छापलेलं शहर

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, क्षत्रप नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर मात्र आणखी एक छाप होता, गौतमीपुत्र सातकर्णीचा. सातकर्णीने नहपानाला हरवलं आणि त्याची नाणी वितळवून नवी पाडण्याच्या भानगडीत न पडता आहे त्याच नाण्यांवर आपली खूण ठोकली. निरखून पाहिलं तर सातकर्णीच्या चिन्हाआडून नहपानाचा चेहरा आणि त्याच्याभोवतीची ग्रीक अक्षरं अजून डोकावतात. राजा बदलला, चांदी तीच राहिली.

या दोघांचं भांडण ज्या मुलखावरून होतं, त्यात माझं गाव येतं. मी जुन्नरचा. इंजिनिअरिंगला पुण्यात आलो आणि नोकरीही इथेच, सॉफ्टवेअरमध्ये लागली. कुठला म्हणून विचारल्यावर जुन्नर सांगितलं की समोरचा हमखास 'अरे वा, शिवनेरी!' म्हणतो. त्यात अभिमान वाटण्यासारखंच आहे आणि मला तो वाटतोही. पण शिवनेरीवरचा तो जन्म १६३० सालचा. त्याच्या आधी या गावाने सोळा-सतराशे वर्षं पाहिली होती आणि नंतरची जवळजवळ चारशे वर्षंही रिकामी गेली नाहीत. सातवाहन, क्षत्रप, यादव, बहमनी, निजामशाही, मुघल, मराठे, इंग्रज आणि आता आपलं सरकार. युरोपातल्या जुन्या शहरांबद्दल लिहिताना इतक्या राजवटींची यादी दिली की वाचणारा लगेच सरसावून बसतो. आपल्या तालुक्याच्या गावाची यादी त्याहून लांब असली, तरी आपण ती एका तारखेत गुंडाळून टाकतो.

मला पडलेला प्रश्न साधा आहे. इतके सगळे इथेच का आले? आणि येऊन त्यांनी आधीच्यांचं काय केलं?

घाट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर आहे. कोकणातून देशावर चढणारा नाणेघाट. खाली सोपारा आणि कल्याण ही बंदरं, वर पैठण आणि तेरसारख्या बाजारपेठा. सह्याद्रीची भिंत ओलांडून व्यापाऱ्यांचे तांडे वर आले की त्यांना पहिलं मोठं गाव लागायचं ते कुकडीकाठचं जुन्नर. 'जीर्णनगर'वरून 'जुन्नर' आलं असं सांगतात. म्हणजे नावाचा अर्थच 'जुनं गाव'.

घाटाच्या तोंडाशी खडकात कोरलेली एक खोली आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला एक लांबलचक लेख आहे, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला, सातवाहनांची राणी नागनिका हिचा. कोणकोणते यज्ञ केले आणि त्यांत काय काय दक्षिणा दिली, याची ती यादी आहे. १,७०० गाई, हत्ती, घोडे, गावं, कार्षापण नाणी. एका ठिकाणी २४,४०० कार्षापणांचा आकडा आहे. हे आकडे अक्षरांत नाहीत, अंकचिन्हांत आहेत. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकांमध्ये त्यांची गणना होते आणि पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८७०च्या दशकात त्यांवर निबंध लिहिला. शून्य नाही, स्थानमूल्य नाही, शंभराला वेगळं चिन्ह, हजाराला वेगळं. आपल्या आजच्या पद्धतीचे हे पूर्वज पाहताना माझ्यासारख्या, दिवसभर आकड्यांशी खेळणाऱ्या माणसाला घरचंच काहीतरी पाहिल्यासारखं वाटतं.

समोरच्या भिंतीवर या राजघराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार, एक महारठी. वर कोरलेली नावं वाचता येतात. खाली मूर्ती मात्र नाहीत, काहींचे फक्त पाय उरलेत.

यज्ञांची ही यादी देवळात न लावता घाटात का लावली असावी? माझ्या मते वाचणारे तिथेच होते म्हणून. कोकणातून दमून वर आलेला व्यापारी सावलीला टेकला की समोर कळायचं, हा रस्ता कुणाचा आहे आणि त्याच्या खजिन्यात किती आहे. घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं इथे लहानपणापासून ऐकायला मिळतं.

नहपान आणि सातकर्णी यांचं भांडण याच उत्पन्नाचं होतं. त्या काळातल्या एका ग्रीक खलाशाची बंदरांची नोंदवही 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध आहे. तिच्यात म्हटलंय की कल्याण बंदर अडवलं गेलंय आणि तिथे चुकून लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. भडोच होतं क्षत्रपांकडे. म्हणजे समोरच्याचं गिऱ्हाईक आपल्या दुकानात वळवण्याचा उद्योग तेव्हाही जोरात होता.

दान देणारे

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दीडशेहून कितीतरी जास्त लेणी आहेत. तुळजा लेणी, मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री. एका गावाभोवती एवढी लेणी भारतात दुसरीकडे नाहीत. अजिंठ्यासारखी चित्रं किंवा कार्ल्यासारखा भव्य सभामंडप शोधायला गेलात तर निराश व्हाल. बहुतेक लेणी साधी आहेत, भिक्षूंना राहायच्या खोल्या आणि बाहेर पाण्याचं टाकं. खरी मजा त्यांवरच्या लेखांत आहे, कारण ते देणाऱ्यांची नावं सांगतात.

मानमोडीतला एक लेख अयम नावाच्या अमात्याचा आहे. वत्स गोत्राचा हा अमात्य महाक्षत्रप नहपानाचा मंत्री. वर्ष ४६ मध्ये त्याने एक पोढी आणि मंडप दान दिला. शक संवत धरला तर हे साल इ. स. १२४ येतं. 'पोढी' हा शब्द लेखात जसाच्या तसा आहे आणि किल्ल्यांवर हिंडणारी मंडळी खडकातल्या टाक्याला आजही पोढीच म्हणतात. राजाचं घराणं बाहेरून आलेलं, मंत्र्याचं गोत्र इथलं, दान बौद्ध भिक्षूंना.

तीन लेख यवनांचे आहेत, म्हणजे ग्रीक किंवा तसं मानले गेलेल्या पश्चिमेच्या लोकांचे. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या, चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला, चंद नावाच्या यवनाने एका लेण्याचा दर्शनी भाग करून दिला. लेण्याद्रीचा मुख्य चैत्य कल्याणच्या सुलसदत्ताने दिला. तो हेरणिकाचा मुलगा, म्हणजे घर सोन्याशी किंवा खजिन्याशी संबंधित. आणि याच लेखांमध्ये श्रेणी येतात, कामकऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे संघ. बांबूचं काम करणारे, काशाची भांडी घडवणारे, धान्याचे व्यापारी. धान्यवाल्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली. काही दानं शेतं आणि झाडं यांच्या रूपातली आहेत. श्रेणीकडे ठेव ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून भिक्षूंचा खर्च चालवायचा.

ही यादी मी एकदा वहीत उतरवून काढली. शक मंत्री, ग्रीक रहिवासी, कल्याणचा सराफ, बुरूड, कासार, धान्याचा अडत्या. आज एखाद्या गावाच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकात जशी नावं दिसावीत तशीच. 'जुन्नर नेमकं कुणाचं' असा वाद कधी निघालाच, तर सगळ्यात जुना लेखी पुरावा हा आहे आणि त्यात एकाच कुणाचं नाव नाही.

मग भिक्षू गेले. लेणी रिकामी राहिली नाहीत. लेण्याद्रीवरच्या सातव्या लेण्यात, जिथे विहार होता, तिथे गिरिजात्मज गणपती आहे. अष्टविनायकाला येणारे लाखो लोक वीस खोल्यांच्या बौद्ध विहारातच दर्शन घेतात. तुळजा लेण्यांत बारा खांबांच्या वर्तुळात स्तूप असलेला आगळा चैत्य आहे आणि शेजारच्या खोलीत तुळजादेवी. मानमोडीत जैन मूर्तींची पूजा अंबा-अंबिका म्हणून होते. शिवनेरीवरची शिवाई देवी, जिच्यावरून शिवाजी महाराजांचं नाव ठेवलं, तिच्या देवळालाही लेण्यांचीच सोबत आहे. जोगळटेंभीच्या नाण्यांसारखंच हे. वरचा छाप नवा आणि खालचा पुसलेला नाही.

आमच्या धंद्यात अशा गोष्टीला लेगसी सिस्टिम म्हणतात. पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला कोड, लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला. नवा मॅनेजर येतो, नाव बदलतो, वरचा पडदा बदलतो. आतलं मात्र कुणी हलवत नाही, कारण सगळा धंदा त्यावर चाललेला असतो. जुन्नरमध्ये तो आतला कोड म्हणजे घाट, पाण्याची टाकी आणि बाजार.

राजधानी

घाटापासून गावापर्यंत किल्ल्यांची साखळी आहे. अगदी घाटाच्या डोक्यावर जीवधन, मग चावंड, हडसर आणि शेवटी गावाला खेटून शिवनेरी. ज्याच्याकडे ही साखळी त्याच्याकडे रस्ता. यादवांनंतर बहमनी आले तेव्हाही हिशेब हाच होता.

बहमनी काळातल्या जुन्नरचं वर्णन एका रशियन माणसाने करून ठेवलंय. त्व्हेरचा व्यापारी अफानासी निकितिन १४७०च्या आसपास चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. विकायला त्याच्याकडे एक घोडा होता. पावसाळा त्याने इथेच काढला. दिवसरात्र पाऊस आणि चिखल, असं तो लिहितो. सह्याद्रीचा पावसाळा ज्याने पाहिलाय त्याला यात नवल वाटणार नाही. इथला अधिकारी असद खान याने त्याचा घोडा काढून घेतला आणि अट घातली की मुसलमान झालास तर घोडाही परत देतो आणि वर हजार मोहरा देतो. चार दिवसांची मुदत. मुदत संपायच्या आत खुरासानचा एक खोजा महंमद मध्ये पडला, त्याने रदबदली केली, घोडा सुटला आणि धर्मही. निकितिनचा जाच करणारा परदेशी मुसलमान आणि सोडवणाराही तोच. इतिहासातल्या माणसांना एकाच रंगात रंगवायचा मोह झाला की मला हा घोडा आठवतो.

वीसेक वर्षांत बहमनी राज्य मोडायला लागलं. मलिक हसन बहरी हा बहमनींचा मोठा सरदार, मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घरातला. त्याचा मुलगा मलिक अहमद जुन्नरचा सुभा सांभाळत होता. बाप मारला गेल्यावर मुलाने बिदरशी संबंध तोडला आणि १४९० साली बहमनी फौजेचा पराभव करून स्वतंत्र झाला. निजामशाही सुरू झाली ती जुन्नरमध्ये. म्हणजे पुढे दीडशे वर्षं टिकलेल्या राज्याची पहिली राजधानी आमचं गाव.

पण फार दिवस नाही. मलिक अहमदला दौलताबाद हवं होतं आणि जुन्नरहून ते लांब पडत होतं. त्याने दोन्हींच्या मधली जागा निवडून १४९४ साली नवं शहर वसवलं आणि त्याला आपलं नाव दिलं, अहमदनगर. त्या शहराचं नाव आता सरकारने अहिल्यानगर केलंय. जुन्नरचं नाव मात्र जुन्नरच राहिलं. कदाचित ज्याच्या नावातच 'जुनं' आहे, त्याला नवं नाव देणं अवघड जात असावं.

१६०० साली अहमदनगर मुघलांनी घेतलं, तेव्हा निजामशाहीला पुन्हा जुन्नरची आठवण झाली. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर तोवर दख्खनचा कर्ता माणूस झाला होता. त्याने निजामशाहीचा वारस गादीवर बसवला आणि काही काळ राजधानी जुन्नरला आणली. गावाबाहेरच्या हापूसबागेचं नाव आंब्यावरून आलेलं नाही, ते हबशी बागेवरून आलंय असं मानतात. तिथल्या घुमटाच्या भिंतींवरचं दगडी काम पाहायला आजही फार थोडे लोक जातात.

एक जन्म आणि त्यानंतर

१९ फेब्रुवारी १६३०. शहाजीराजे मोहिमांत होते, मुलूख अस्थिर होता आणि जिजाऊंसाठी सुरक्षित जागा म्हणून शिवनेरी निवडली गेली. किल्लेदार विजयराव विश्वासराव हे भोसल्यांचे व्याही. निजामशाहीचा किल्ला, देवीचं नाव, लेण्यांचा डोंगर आणि मराठा सरदाराचं बाळ. पुढे १६३३ मध्ये दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी जीवधनवर कैदेत असलेल्या निजामशाही वारसाला सोडवून पेमगिरीवर गादीवर बसवलं आणि तीन वर्षं राज्य हाकलं. १६३६ मध्ये तोही डाव संपला. जुन्नर आणि शिवनेरी मुघलांकडे गेले.

पुढची गोष्ट शाळेच्या पुस्तकात एका ओळीत असते. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी मुघलांचं जुन्नर लुटलं. रात्री तटाला दोराच्या शिड्या लावून माणसं आत उतरली आणि सुमारे तीन लाख होन आणि दोनशे घोडे घेऊन गेली. ज्या गावात जन्म झाला त्याच गावावर हा छापा होता. त्यात विसंगती काही नाही. ते मुघलांचं ठाणं होतं, घोडे तिथे होते, पैसा तिथे होता. मात्र शिवनेरी किल्ला महाराजांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. १६७५ साली इंग्रज कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर मुघल सुभेदाराच्या बोलावण्यावरून मुंबईहून इथे आला, तेव्हाही गड मुघलांकडेच होता. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

या छाप्याच्या आधीची एक गोष्ट आहे, जी एका ओळीतही येत नाही. १६५०च्या सुमारास या डोंगरातल्या महादेव कोळ्यांनी मुघलांविरुद्ध उठाव केला. मुघलांनी जमिनी मोजून सारा बसवायला सुरुवात केली होती आणि डोंगरातल्या माणसाला मोजणीदार म्हणजे काय ते तेव्हापासून ठाऊक आहे. उठाव मोडला गेला. पकडलेल्यांना शिवनेरीवर आणून त्यांची मुंडकी मारली. त्या जागी एक चौथरा आहे, त्याला कोळी चौथरा म्हणतात. नाणेघाटात नावं आहेत आणि मूर्ती गेल्या. इथे माणसं होती आणि नावंच नाहीत.

अठराव्या शतकात हा सगळा मुलूख पेशव्यांकडे आला. जुन्नरचा कागद तेव्हा प्रसिद्ध होता. कुकडीच्या पाण्यावर कागदी लोक, बहुतेक मुसलमान, लगदा कुटून हाताने ताव काढत आणि पेशवाईतला कितीतरी पत्रव्यवहार या जुन्नरी कागदावर झाला. मोडी वाचणारे लोक कागद बोटांत धरून जुन्नरी ओळखतात. मराठ्यांचा इतिहास ज्यावर लिहिला गेला, तो कागद करणाऱ्यांबद्दल त्या कागदावर फारसं काही नाही.

१८१८ मध्ये इंग्रज आले. मेजर एल्ड्रिजच्या फौजेने उन्हाळ्यात हे किल्ले एकामागून एक घेतले. जीवधन आणि चावंडच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. चावंड चढताना आजही तो तुटलेला टप्पा लागतो आणि रेलिंगला धरून चढावं लागतं. आधीच्या प्रत्येकाने किल्ले घेतले ते वापरायला. इंग्रजांना ते वापरायचेच नव्हते, फक्त दुसऱ्या कुणाला वापरता येऊ नयेत एवढंच पाहायचं होतं. मग बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि १८६०च्या दशकात बोरघाट आणि थळघाट या दोन्हींतून रेल्वे वर आली. दोन्ही रेल्वे जुन्नरला टाळून गेल्या. दोन हजार वर्षं चाललेला नाणेघाट एका पिढीत गुराख्यांचा आणि लाकूडफाट्याचा झाला. कोणत्याही लढाईने जुन्नरचं झालं नाही एवढं नुकसान वेळापत्रकाने केलं.

राहणारे

युरोपात ल्विव नावाचं शहर आहे. १९१८ पर्यंत ते ऑस्ट्रियाचं लेम्बर्ग होतं, मग पोलंडचं ल्वूफ, १९३९ मध्ये सोव्हिएतांचं, १९४१ मध्ये जर्मनांचं, परत सोव्हिएतांचं ल्वोव आणि १९९१ पासून युक्रेनचं ल्विव. १९१० साली तिथे जन्मलेली आणि ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं जगलेली बाई गल्ली न सोडता अनेक देशांची नागरिक झाली असती. पण तिथले बहुसंख्य लोक गल्लीत राहिलेच नाहीत. ज्यू मारले गेले, पोलिश लोकांना गाड्यांत भरून पश्चिमेला पाठवलं. इमारती राहिल्या, माणसं बदलली.

जुन्नरमध्ये बहुतेक वेळा उलटं झालं. राजे बदलले आणि डोंगरातले महादेव कोळी भाताची खाचरं लावत आणि हिरडा गोळा करत तिथेच राहिले. १८७०च्या दशकात सावकारांविरुद्ध उठलेला होन्या केंगले याच डोंगरातला. बाजारातले लोक राहिले. कुणाला कर द्यायचा तेवढं बदललं. म्हणूनच इथे छापावर छाप दिसतात. खालचं नाणं कुणी फेकून दिलं नाही, कारण ते ज्यांच्या हातात होतं ते हात तिथेच होते.

ही साखळी तुटली ती आपल्या काळात आणि ती तोडणारं राज्य आपलंच होतं.

कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यात घोड नदीवरचं डिंभे. आता इथे येणाऱ्याला घाट नको होता, पाणी हवं होतं. डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचं नाव आहे. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १९३० साली मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि चिरडला गेला. त्याच्या नावाच्या पाण्याखाली आंबेगाव हे गावच आहे. तालुक्याला ज्याचं नाव आहे ते गाव पाण्यात आणि तालुक्याचं ठिकाण घोडेगाव.

माझ्या आजीचं माहेर त्या खोऱ्यातलं. पाण्याचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. आमची खालची शेती त्या पाण्यावर आहे, माझी फी त्या उसातून आणि टोमॅटोतून भरली गेली. नारायणगावचा टोमॅटो आणि ओतूरचा कांदा आज माळशेजने कल्याणकडे उतरतो, म्हणजे धान्याच्या अडत्यांचा धंदा दोन हजार वर्षांनी शेजारच्या घाटातून चालूच आहे. पण ते पाणी ज्यांच्या खाचरांवर उभं आहे, त्यांच्यातले बरेच जण धरणाच्या वरच्या अंगाला, उघड्या उतारांवर सरकले. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठावरच्या गाळात कुणी गाळपेर करतं, कुणी जलाशयात मासेमारी करतं. आजी एकच वाक्य बोलायची, 'पैका आला, वावर न्हाय आलं.'

नहपानाच्या चेहऱ्यावर सातकर्णीने छाप मारला तरी चेहरा दिसत राहिला. विहारात गणपती बसला तरी विहार मोजता येतो. धरणाला हे जमत नाही. ते वरून छाप मारत नाही, सगळंच झाकून टाकतं. एप्रिल-मे मध्ये जुन्या गावाचे अवशेष थोडे दिवस वर येतात, तेवढंच.

गेल्या दोन वर्षांपासून मी सुट्टीच्या दिवशी त्या बाजूच्या म्हाताऱ्या माणसांकडे जातो. त्यांच्याकडून जुन्या गावातल्या जागांची नावं लिहून घेतो. देवळासमोरचा आंबा कुठे होता, खाचरांना काय म्हणायचे, पाणवठा कोणत्या बाजूला, कुणाचं घर कुणाच्या भिंतीला लागून. सरकारी दप्तरात गट नंबर, क्षेत्र आणि मोबदला असतो. शेताचं नाव नसतं. उपग्रहाच्या जुन्या-नव्या छायाचित्रांवर मी ही नावं बसवत जातो, उन्हाळ्यातल्या फोटोंत जेवढी बांधांची रेघ दिसेल तेवढ्यावर. या कामाला अवघड तंत्रज्ञान लागत नाही. घाई मात्र लागते, कारण सांगणारे ऐंशीच्या घरातले आहेत.

जुन्नरच्या लेण्यांत बुरुडांच्या संघाचं दान कुणीतरी दगडात लिहून ठेवलं, म्हणून असे लोक इथे होते आणि देण्याइतकं त्यांच्याकडे काही होतं, हे आपल्याला कळतं. त्या लेखांत राजा नसता तरी आपलं फारसं बिघडलं नसतं, त्याची नाणी सापडलीच असती. बुरुडांना मात्र त्या ओळीखेरीज दुसरी जागा नव्हती. माझ्या यादीत आजवर एकशे सदतीस नावं झाली आहेत. पुढच्या रविवारी वरच्या अंगाच्या एका वस्तीवर जायचं आहे. तिथल्या एका आजोबांना जुन्या रस्त्याचा पूर्ण मार्ग अजून पाठ आहे म्हणतात, घोडेगावपासून थेट घाटाच्या तोंडापर्यंत.